खापराचं गाव



जपानमधल्या क्योटो शहरात दाइतोकुजी हा झेन पंथाचा मोठा मठ आहे. त्याच्या आवारात कोहोआन नावाचा एक उपमठ आहे आणि तिथं एक वाडगा जपून ठेवलेला आहे. सोळाव्या शतकात कोरियात घडलेला. रंग फिकट, पिवळसर तपकिरी. चाकावर फिरताना बोटांनी उमटलेल्या रेषा अंगावर तशाच राहिल्या आहेत आणि बुडाशी झिलई आटून तिचे दाणे झाले आहेत. जपाननं त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवलं आहे. त्याचं नाव ‘किझाएमोन इदो’. हा किझाएमोन कुंभार नव्हता. ताकेदा किझाएमोन हा ओसाकाचा व्यापारी. एके काळी वाडगा त्याच्या मालकीचा होता. पुढे मात्सुए संस्थानचा अधिपती आणि चहाविधीचा मोठा जाणकार मात्सुदाइरा फुमाई यानं तो मिळवला. फुमाईच्या घराण्याकडून तो मठात आला. मालकांची ही परंपरा नीट लिहून ठेवलेली आहे. ज्या हातांनी तो घडला, ते कुणाचे आणि त्या माणसाचं चाक कोणत्या गावात फिरत होतं, हे मात्र कुणी लिहिलं नाही.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट घडलं. मराठी मुलखातल्या सगळ्यात प्रसिद्ध कुंभाराचं नाव इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तेरचे गोरोबाकाका. थापटणं घेऊन संतांची डोकी तपासणारे, चिखल तुडवताना विठ्ठलनामात देहभान हरपलेले. त्यांचे अभंग उरले, तेरला त्यांची समाधी आहे. पण हे मडकं गोरोबाकाकांच्या हातचं, असं म्हणून दाखवता येईल असं एकही भांडं आज कुठं नाही. एकीकडे भांडं उरलं आणि कुंभार गेला. दुसरीकडे कुंभार उरला आणि भांडी गेली.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं अंबाजोगाईला जमतो, ते इतिहासाचे शिक्षक होते. म्हणून मातीच्या भांड्यांचा आणि ती जमवणाऱ्या माणसांचा विषय मी आज निवडला. कोरियाची जुनी भांडी आज जगभरच्या संग्रहालयांत मानानं मिरवतात, आणि त्यांच्यामागं संग्राहकांचा एक मोठा, गुंतागुंतीचा इतिहास आहे. आपल्यापासून मांजरा ओलांडून, कळंबच्या पलीकडे तेरलाही असाच एक इतिहास घडला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की एक प्रश्न उभा राहतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. संग्राहकानं भांडं सांभाळलं, की भांड्याचं गावही सांभाळलं?

आधी तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात दख्खनमधली दोन बाजारपेठांची गावं आली आहेत. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेला सुमारे दहा दिवसांवर तगर. पैठणहून मौल्यवान खडे जात, तगरहून साधं कापड, नाना तऱ्हांची मलमल. रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांनी हा माल भडोच बंदराला जाई. शिलाहार राजे स्वतःला अभिमानानं ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत, इतकी त्या नगराची कीर्ती मागाहूनही टिकली. पण ते तगर म्हणजे आजचं कोणतं गाव, याचा विसर पडला होता. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी दौलताबादपासून जुन्नरपर्यंत अनेक नावं सुचवली. आपल्याला विशेष वाटावं असं म्हणजे, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यासाठी धारूरचं नाव पुढे केलं होतं. आपलं, बीड जिल्ह्यातलं धारूर! अखेर १९०१ साली ब्रिटिश अभ्यासक फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे दाखवून दिलं. त्याच सुमारास पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझन्स यांनी तेरला जाऊन तिथली विटांची देवळं पाहिली. आज ज्याला आपण त्रिविक्रमाचं देऊळ म्हणतो ती वास्तू मुळातली अर्धवर्तुळाकार पाठीची बौद्ध चैत्यशाळा आहे, हे त्यांच्या लक्षात आलं.

म्हणजे गावाची ओळख पटली. पण ओळख पटणं वेगळं आणि गावाच्या पोटात काय आहे ते हाती येणं वेगळं. ते काम तेरच्याच एका माणसानं केलं. रामलिंगप्पा लामतुरे त्यांचं नाव. तेरभोवती जुन्या वस्तीच्या पांढरी आहेत. पावसानं माती धुपली की त्यातून मणी, बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मूर्ती, नाणी, खापरं उघडी पडतात. गावोगावच्या पांढरीत हे घडतं आणि गावोगावी लोक ते पायानं बाजूला सारतात. लामतुऱ्यांनी ते उचललं आणि उचलतच राहिले. त्यांनी जमवलेल्या वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर गेली. आज त्यांच्या नावानं तेरमध्ये शासकीय वस्तुसंग्रहालय उभं आहे.

या संग्रहात मोजायला सोनं-चांदी थोडी आणि माती फार. पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती पाहा. दोन साच्यांत माती दाबायची, पुढचा आणि मागचा भाग वेगळा काढायचा, मग दोन्ही जोडून आतून पोकळ मूर्ती तयार करायची, अशी ही रीत. केसांची ठेवण, कानातली कुंडलं, कमरपट्ट्यांचे पदर इतके स्पष्ट उमटले आहेत, की सातवाहनांच्या काळातल्या बाया कशा नटत असतील याचा अंदाज पुस्तकापेक्षा या वितभर मातीवरून जास्त येतो. केओलिन म्हणजे तीच माती, जिच्यावर पुढे चीन आणि कोरियातल्या पोर्सेलिनची सगळी कला उभी राहिली. आपल्या कारागिरांच्या हाती ती दोन हजार वर्षांपूर्वी होती. मात्र ती काचेसारखी टणक होईल एवढी आंच आपल्या आव्यात नव्हती. रोमन नाण्यांवरून ठसा घेतलेली मातीची पदकं तेरला मिळाली आहेत. समुद्रापलीकडून आलेल्या दोन कानांच्या मद्यकुंभांची खापरं मिळाली आहेत. आणि हस्तिदंताची ती छोटी स्त्रीमूर्ती, जिच्यामुळे तेरचं नाव इटलीपर्यंत गेलं. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तिची जवळची बहीण कुठे असेल, तर ती तेरला. पुढे १९७३ च्या उत्खननात भोकरदनलाही त्याच घराण्यातली मूर्ती निघाली. आज तिघींचा विचार एकत्र केला जातो, आणि त्यातून ही कला मराठवाड्याच्या मातीतली असावी या तर्काला बळ मिळालं.

ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६० साली तेरवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचा पाया लामतुऱ्यांचा संग्रह होता. त्यानंतर चापेकरांच्या तेरमधल्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये आला, पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांचं काम झालं. क्रम लक्षात घ्या. आधी गावातला माणूस, मग विद्वान. पैठणलाही हेच झालं. बाळासाहेब पाटलांनी तिथल्या टेकाडांवरून जमवलेलं आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे. मराठवाड्याच्या प्राचीन इतिहासाची ही दोन मोठी दालनं दोन खासगी माणसांच्या ध्यासातून उभी राहिली आहेत. विद्यापीठात न शिकलेल्यांची ही विद्या आहे असं कुणी हलक्या सुरात म्हटलं, तर मला ते सोसत नाही.

तरीही एक गोष्ट बोललीच पाहिजे. मातीतून उचललेल्या वस्तूचं गाव कळतं, थर कळत नाही. शास्त्रशुद्ध उत्खननात प्रत्येक खापराला खोली असते, शेजार असतो. खाली काळी-तांबडी भांडी, वर चकचकीत तांबडी भांडी, मधे राखेचा पट्टा. त्या शेजारावरून काळ ठरतो. पावसानं उघडी पडलेली मूर्ती या सगळ्यातून आधीच सुटून आलेली असते. म्हणूनच तेरच्या अनेक मूर्तींचा काळ इतर ठिकाणच्या मूर्तींशी ताडूनच ठरवावा लागला. हा दोष लामतुऱ्यांचा नाही. त्यांनी उचललं नसतं, तर ते नांगराखाली तरी गेलं असतं किंवा दलालाच्या पिशवीत. पण काय हाती आलं आणि काय निसटलं, याचा हिशेब आपल्याला मांडायला हवा. या हिशेबासाठीच कोरियाकडे वळतो.

कोरियात गोर्यो राजवट ९१८ ते १३९२ पर्यंत टिकली. या काळात तिथल्या कुंभारांनी सेलेडॉन नावाची हिरवट निळ्या झिलईची भांडी घडवली. सेलेडॉन म्हणजे काय हे आपल्या घरातल्या वस्तूवरून सांगता येईल. लोणच्याची चिनी मातीची बरणी घ्या. तिचं अंग दगडासारखं, पाणी न झिरपणारं असतं, कारण ती बाराशे अंशांच्या आसपासच्या आंचेत भाजलेली असते. आपल्या कुंभाराच्या उघड्या आव्यात साधारण आठशे-नऊशे अंशांच्या पुढे जाता येत नाही, म्हणून मडकं पाझरतं आणि पाझरतं म्हणूनच पाणी गार करतं. सेलेडॉनचं अंग त्या बरणीच्या जातीचं. झिलईत लोखंडाचा अगदी थोडा अंश असतो. भट्टीची तोंडं लिंपून आतला प्राणवायू कमी केला, की तेच लोखंड तांबूस होण्याऐवजी हिरवट निळं होतं. जराशी हवा जास्त शिरली की सगळी भट्टी पिवळट तपकिरी. ११२३ साली चीनच्या सोंग दरबाराचा दूत श्यू चिंग कोरियात गेला होता. भांड्यांच्या बाबतीत चीनच्या तोडीचं कुणी नाही असं मानणाऱ्या देशाचा हा माणूस. त्यानंही तिथल्या झिलईच्या रंगाची तारीफ नोंदवून ठेवली. पुढे कोरियन कुंभारांनी आणखी एक पाऊल टाकलं. ओलसर भांड्यावर नक्षी कोरायची, कोरलेल्या जागी पांढरी आणि तांबडी माती भरायची, पुसून घ्यायची, मग झिलई चढवून भाजायचं. तांबडी माती काळी होते, पांढरी पांढरीच राहते आणि हिरव्या आभाळात करकोचे उडू लागतात.

ही भांडी थडग्यांत मृतांबरोबर पुरली जात. म्हणून राजवट गेल्यावर, रिवाज बदलल्यावर, कोरियन माणसांच्या डोळ्यांआड ती शेकडो वर्षं जमिनीतच राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानचा अंमल बसला आणि जुनी राजधानी केसाँगच्या भोवतालची थडगी रात्री फुटू लागली. जपानचे कोरियातले पहिले रेसिडेंट जनरल इतो हिरोबुमी हे सेलेडॉनचे फार मोठे खरेदीदार. त्यांनी ती जपानच्या सम्राटाला आणि मानकऱ्यांना भेट दिली. अशी आठवण सांगतात, की कोरियाचे राजे गोजोंग यांनी ही भांडी पाहून ती कुठली असं विचारलं. ती तुमच्याच देशातली, असं उत्तर मिळालं तेव्हा ते म्हणाले की आमच्याकडे असं काही नाही. पूर्वजांच्या थडग्यातलं भांडं राजानं कधी पाहिलेलंच नव्हतं. या प्रसंगात एका देशाची अवस्था मला दिसते.

अशा रीतीनं बाजारात आलेल्या भांड्याला गाव नव्हतं, थडगं नव्हतं, मृताचं नाव नव्हतं. विकणारा तोंड उघडणार नव्हता. त्यामुळे भांड्याचा इतिहास मालकांपासून सुरू होऊ लागला. अमक्या बॅरनच्या संग्रहातलं, तमक्या वकिलाकडचं. आजही मोठ्या लिलावांत कोरियन भांड्याची किंमत त्याच्या आधीच्या मालकाच्या नावावर चढते, कारण पुरावा म्हणून तेवढंच उरलं आहे.

या बाजारात एक माणूस वेगळ्या हेतूनं उतरला. जोन ह्योंगपिल, जन्म १९०६. साहित्यनाव कानसोंग. तरुणपणी प्रचंड वारसा हाती आला आणि त्यानं तो देशाबाहेर चाललेल्या वस्तू परत घेण्यात घातला. १९३५ साली त्यानं एका जपानी व्यापाऱ्याकडून करकोचे आणि ढग कोरलेली सेलेडॉनची उंच बरणी वीस हजार वॉनना घेतली. त्या पैशांत सोलमध्ये वीस चांगली घरं आली असती. तिच्यावर ६९ करकोचे आहेत. वर्तुळातले वर झेपावणारे, वर्तुळाबाहेरचे खाली उतरणारे. दुप्पट किंमत देणारा जपानी संग्राहक दारात आला तरी त्यानं ती दिली नाही, असं सांगतात. १९३७ मध्ये टोकियोतले इंग्रज वकील जॉन गॅड्सबी आपला सेलेडॉनचा संग्रह विकायला निघाले, तेव्हा या माणसानं वडिलोपार्जित भातशेती विकून त्यातली वीस भांडी घेतली. १९३८ मध्ये त्यानं सोलमध्ये खासगी संग्रहालयाची इमारत उभी केली. कोरियन लिपी कशी घडली हे सांगणारा, कोरियन राजानंच काढलेला मूळ ग्रंथ १९४० साली त्याच्या हाती आला. विकणाऱ्यानं हजार मागितले. यानं दहा हजार दिले, कारण वस्तूचा मान राखला पाहिजे. कोरियन भाषेची गळचेपी चालू असतानाची ही गोष्ट आहे. पुण्यात आपल्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास अडकित्ते-दिवे जमवायला सुरुवात केली आणि अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं संग्रहालय उभारून १९७५ साली तो सगळा संग्रह शासनाला दिला. कानसोंग वाचताना मला केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई आठवतात. पैशाचं मान वेगळं, मनाची जात एकच.

पण माझ्या मते या सगळ्या कथेतला सगळ्यात मोठा माणूस कानसोंग नाही. तो आहे आसाकावा ताकुमी. १८९१ साली जन्मलेला जपानी, वनखात्यातला साधा कर्मचारी. १९१४ मध्ये तो कोरियात गेला. राज्यकर्त्यांच्या जातीतला असूनही त्यानं कोरियन भाषा शिकून घेतली, कोरियन कपडे घातले, कोरियन शेजाऱ्यांत राहिला. उघड्या पडलेल्या डोंगरांवर झाडं लावण्याच्या कामासाठी त्याला देशभर हिंडावं लागे. हिंडताना तो जुन्या भट्ट्यांच्या जागा शोधी आणि तिथली फुटकी खापरं गोळा करी. थोरला भाऊ नोरिताकाही याच नादाचा. त्यानं शेकडो भट्ट्या हुडकल्या. नोरिताकानं १९१४ साली यानागी सोएत्सु या तरुण विचारवंताला कोरियाची एक निळ्या चित्राची बरणी भेट नेली आणि यानागीचं सगळं आयुष्य त्या बरणीनं बदललं. १९२४ मध्ये या मंडळींनी सोलच्या राजवाड्याच्या आवारात कोरियन लोककलेचं संग्रहालय उघडलं. ‘लोककलेचं’ हा शब्द तेव्हा धाडसाचा होता. थडग्यांतली सेलेडॉन नव्हे, तर गोर्योनंतरच्या जोसोन राजवटीतली पांढरी, रोजच्या वापरातली भांडी त्यांनी मांडली.

ताकुमीनं एक पुस्तक लिहिलं आणि ते त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १९३१ मध्ये प्रसिद्ध झालं. विषय: कोरियन भांड्यांची नावं. जेवणाच्या ताटात कोणती वाटी, पूजेला कोणतं पात्र, शाईला कोणतं, सोयाबीनचा मसाला मुरवायला कोणता रांजण. लोक त्याला काय म्हणतात, ते कशासाठी वापरतात. संग्राहकांनी ज्या भांड्यांना मालकांची नावं दिली, त्यांना यानं स्वयंपाकघरातली नावं परत दिली. आपल्याकडे कुणी असं काम करायला बसलं, तर घागर, डेरा, रांजण, मोघा, बोळकं, सुगड, खापरी, पणती अशी केवढी यादी होईल! आणि ती सांगू शकतील अशा म्हाताऱ्या बाया अजून आपल्या गावांत आहेत. ताकुमी चाळिशीतच न्यूमोनियानं गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे कोरियाच्याच मातीत त्याला पुरलं. जपानी राजवटीच्या कित्येक खुणा पुसून टाकणाऱ्या कोरियानं ते थडगं मात्र आजवर सांभाळलं आहे.

पुढच्या काळातले संग्राहक थोडक्यात सांगतो. अमेरिकन मुत्सद्दी ग्रेगरी हेंडरसन यांनी सोलमधल्या नोकरीच्या काळात मोठा संग्रह केला. तो आता हार्वर्ड विद्यापीठात आहे आणि तो देशाबाहेर गेलाच कसा, यावर कोरियात अजून राग आहे. जपानमध्ये आताका कंपनी बुडाली तेव्हा तिचा सुमारे हजार भांड्यांचा, मुख्यतः कोरियन, संग्रह फुटून विकला जाईल अशी भीती होती. सुमितोमो उद्योगसमूहानं तो अखंड ओसाका शहराला दिला आणि १९८२ मध्ये त्याचं संग्रहालय झालं. हैदराबादेतही, ज्या राज्यात १९५६ पर्यंत बीड होतं त्या राज्यात, तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान यांनी पूर्वेकडची भांडी जमवली. विषारी अन्न वाढलं की तडकतं अशी आख्यायिका असलेली सेलेडॉनची ताटं पाहायला सालारजंग संग्रहालयात अजून गर्दी होते. मुंबईत सर रतन टाटांनी चिनी आणि जपानी भांडी घेतली; पण त्याच माणसानं पाटलिपुत्राच्या उत्खननालाही पैसा पुरवला, हे मला त्यांच्या सगळ्या संग्रहापेक्षा मोलाचं वाटतं.

ओसाकाच्या संग्रहालयातली एक बरणी मात्र घाईनं ओलांडता येत नाही. जोसोन काळातली मोठी, पांढरी, गोल बरणी. कोरियात तिला चंद्रबरणी म्हणतात. एवढा मोठा गोल चाकावर एका दमात उभा राहत नाही, म्हणून दोन खोल वाडगे तोंडाला तोंड लावून जोडतात आणि भाजल्यावर पोटाशी तो जोड किंचित वाकडा दिसतो. कादंबरीकार शिगा नाओया यांच्याकडची ही बरणी त्यांनी नारा इथल्या तोदाइजी मंदिराच्या एका भिक्षूला दिली होती. १९९५ साली चोरानं ती उचलली, पाठलाग झाला तेव्हा जमिनीवर आपटली आणि पळाला. मंदिरातल्या लोकांनी तीनशेहून जास्त तुकडे आणि खाली सांडलेली भुकटीही झाडून गोळा केली. ओसाकाच्या तज्ज्ञांनी ती इतकी जोडली, की आज जोड शोधावा लागतो. भुकटीसुद्धा टाकायची नाही ही समज फार थोड्या लोकांत असते. ती लामतुऱ्यांत होती.

आता या कथेतली, माझ्या मते, निर्णायक गोष्ट. मे २००७ मध्ये कोरियाच्या पश्चिम किनाऱ्यावर तेआन इथं एका कोळ्यानं ऑक्टोपस पकडला. त्याच्या पायांनी सेलेडॉनची एक ताटली धरून ठेवली होती. कोळ्यानं ती विकली नाही, सरकारला कळवलं. पाणबुडे उतरले आणि गाळात बाराव्या शतकात बुडालेलं जहाज सापडलं. वीस हजारांहून जास्त सेलेडॉन भांडी, एकावर एक रचलेली, मधे गवताचा पेंढा, जशी बांधली तशीच. आणि त्यांच्याबरोबर लाकडी चिठ्ठ्या. माल कोणत्या बंदरातून निघाला, राजधानीत कुणाच्या घरी जायचा आहे, हे शाईनं लिहिलेलं. दक्षिणेतल्या गांगजिनच्या भट्ट्यांतून केसाँगला. शंभर वर्षं जगातले श्रीमंत संग्राहक हजारो सेलेडॉन बाळगून होते आणि कुणाजवळही हे एवढं नव्हतं. एका भांड्यापुढे त्याचं गाव, त्याची वाट, त्याचं गिऱ्हाईक तिन्ही उभी राहिली. जी किंमत कानसोंगनं पैशानं मोजली, ती त्या कोळ्यानं नुसतं कळवून चुकती केली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नकाशावर पैठण आणि तेर यांच्यामध्ये सरळ रेषा ओढा. सरळ अंतर साधारण दीडशे किलोमीटर. ती रेषा गोदावरी सोडते, गेवराईच्या अंगानं बीडवरून जाते आणि केज-कळंबच्या बाजूनं तेरला पोचते. पेरिप्लसमधली दहा दिवसांची वाट, बैलगाड्यांच्या चालीनं, थोडीफार वळणं घेत याच मुलखातून गेली असणार. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चाललं, की मुक्काम आलाच. म्हणजे पाण्याजवळ, सिंदफणेच्या किंवा मांजरेच्या काठी, त्या काळाच्या वस्त्या असायला हव्यात, आणि आपल्या गावांच्या पांढरींत त्यांची खापरं असायला हवीत. मराठवाड्यात माळवदाच्या घरावर पांढरी माती टाकायची रीत होती. कित्येक जुन्या माळवदांवर मातीबरोबर खापराचे तुकडेही चढले असतील. आता माळवदं पडतात, सिमेंटचे स्लॅब येतात, आणि पांढरीची माती ट्रॅक्टरनं शेतात किंवा रस्त्याच्या भरावात जाते. जेसीबी एका दिवसात जे उचलतं, ते दोन हजार वर्षं थर धरून बसलेलं असतं. थडगी फोडणाऱ्यांनी केसाँगला निदान भांडं तरी वाचवलं. इथं भांडंही जातं आणि गावही.

कायदा आहे. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. पण खापराला दहा रुपये कोण देणार? खापर कायद्याच्या हातात मावत नाही, ते माणसाच्या हातातच मावतं.

म्हणून या सभागृहातल्या शिक्षकांना आणि तरुण मित्रांना एक काम सांगतो. कुणीही खणू नये. खणणं हे शास्त्र आहे आणि हौसेनं खणलेली जागा कायमची वाया जाते. कुणी विकत घेऊ नये, विकूही नये. पण नांगरलेल्या रानात किंवा माती उकरलेल्या ठिकाणी खापर, मणी, बांगडीचा तुकडा दिसला, तर तिथंच मोबाईलवर फोटो काढावा, कागदाची चिठ्ठी करावी आणि तिच्यावर गाव, शेताचा गट क्रमांक, तारीख आणि ज्याला ते सापडलं त्याचं नाव लिहावं. शाळेत त्यासाठी एक वही ठेवावी. मराठवाडा विद्यापीठाचं इतिहास वस्तुसंग्रहालय छत्रपती संभाजीनगरला आहे, राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय तिथं आहे. वर्षातून एकदा वहीची प्रत त्यांना पाठवावी. गेवराई, बीड आणि केज या तीन तालुक्यांतल्या शाळांनी पहिल्या पावसानंतर एवढं सुरू केलं, तर पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेत कुणा विद्यार्थ्याला नकाशा घेऊन उभं करता येईल. त्यासाठी लागणाऱ्या वह्यांचा खर्च मी उचलतो. नावं आज सभा संपल्यावर दाराशी द्यावीत.